बेडकीचं नाक

गाडीखाली केळीचं पान घालायची युक्ती माझ्या वडिलांची. कागदावर तेलाचा थेंब पसरतो, मातीत मुरतो. केळीच्या पानावर मात्र तो पडला तिथेच बसून राहतो. पान सरळ ठेवलं की कुठल्या सांध्यातून किती गळलं ते पानच सांगतं. वसईजवळच्या पापडी गावात डॉक्टरांच्या वाडीत केळींना तोटा नव्हता. त्या सप्टेंबरात आम्ही बापलेकीने इतकी पानं तोडली की वाडीतला गडी एकदा म्हणाला, "तांडेल, गाडीखाली पंगत बसवताय काय?"

माझा बा काही तांडेल नव्हता. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. बा पाचूबंदरला, आमच्या कोळीवाड्यात, आधी खलाशी होता, आणि होड्यांना इंजिनं बसायला लागली तेव्हा इंजिनांचा मिस्त्री झाला. शाळा दुसरीपर्यंत. इंजिन तो कानाने दुरुस्त करायचा. लाकडी दांडक्याचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. तांडेल हे नाव डॉक्टरांनी दिलेलं, थट्टेने आणि थोडं मानानेही, आणि डॉक्टरांचं ऐकून वाडीतले सगळेच त्याला तसं म्हणायचे.

डॉक्टरांचं आणि त्याचं नातं जुनं. मी लहान असताना बाचा उजवा हात इंजिनाच्या पट्ट्यात गेला. सगळ्यांनी सांगितलं, हात कापावा लागणार. डॉक्टरांनी कापला नाही. तीन महिने रोज पट्टी बदलली. दोन बोटं कायमची ताठ राहिली, पण हात राहिला. बा फी विचारायला गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "फी बेडकीकडून घेईन." तेव्हापासून बेडकी बाच्या हाती आली, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला चालायचा नाही.

बेडकी म्हणजे डॉक्टरांची गाडी. इंग्लंडात बनलेली, शर्यतीच्या जातीची, दोनच माणसांची. वर छप्पर नाही, रंग हिरवा, आणि पुढचे दोन दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे असे वर आलेले की पहिल्यांदा बघणारं पोर हसायचंच. डॉक्टरांनी ती पन्नाशीत मुंबईत एका पारशी गृहस्थाकडून घेतली होती. आता ते सत्तरीला आले होते, बायको वारलेली, मुलगा मुंबईत कंपनीत साहेब. गुडघे पार गेलेले. एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती. बेडकीत चढायचं नव्हतं, नुसतं खाली बसायचं होतं. उठायला दोन माणसं लागायची, पण अर्नाळ्यात कुठल्याही दारात दोन माणसं असतातच. मंगळवार आणि शुक्रवार ते अर्नाळ्याला जायचे. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, बाळंतिणी, ज्यांना वसईपर्यंत आणणं अवघड अशी. ते दोन वार बेडकीवर चालायचे.

मी त्या वर्षी बी.एस्सी. झाले होते. आमच्या घरातली पहिली पदवीधर. घरातलीच काय, आमच्या आळीतली. हे मी अजूनही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. विषय पदार्थविज्ञान. नोकरी नव्हती, अर्ज टाकत होते, आणि तोपर्यंत बाबरोबर डॉक्टरांच्या वाडीत जात होते, कारण बेडकीचं पुस्तक इंग्रजीत होतं. गाडी कशी सांभाळावी त्याचं ते पुस्तक, पुढच्या कप्प्यात ठेवलेलं, तेलाने पिवळं पडलेलं. इतकी वर्षं बा त्यातली चित्रं बघायचा. आता घरात वाचणारी आली होती. पाचूबंदरला ज्याला त्याला तो सांगायचा, "माझी बाय इंग्रजी पुस्तक वाचते नि मला मराठीत सांगते. फडाफडा."

आय बंदरावर मासळी विकायची. तिचं मत वेगळं होतं. "पदवी घ्यायला काळा झगा घातला," ती म्हणायची, "नि आता काळं तोंड घेऊन घरी येते. शिक्षणाचा रंगच काळा हाय वाटतं."

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि पावसाळाभर झाकून ठेवलेली बेडकीही बाहेर निघाली. पहिल्याच आठवड्यात तिला गळती लागली.

गिअरबॉक्समधून तेल जात होतं. गिअरबॉक्स म्हणजे इंजिनाच्या मागची लोखंडी पेटी. तिच्यात दातेरी चाकं असतात आणि ती तेलात बुडून फिरतात. तेल कमी झालं की चाकं एकमेकांना खातात. त्यातून हे तेल पुढच्या बाजूनेही पाझरून क्लचवर जायला लागलं. क्लच तेलकट झाला की इंजिन फिरतं पण गाडी ओढत नाही. एका शुक्रवारी आगाशीच्या चढावर बेडकी नुसती ओरडत उभी राहिली, आणि डॉक्टरांना बैलगाडीने ओढत आणावं लागलं. शिवाय ज्या अंगणात ती उभी राहायची तिथे काळा डाग. अर्नाळ्याच्या एका म्हातारीने तोंडावर सांगितलं, "डाक्टर, औषध बरं देता, पन माझं सारवलेलं अंगन दर टायमाला बाटवून जाता."

डॉक्टर हसले, पण त्यांचा मुलगा हसला नाही. ओढत आणल्याची गोष्ट त्याच्या कानावर गेली. पुढच्या रविवारी तो आला आणि वाडीत उभ्या उभ्या बोलला.

"बाबा, पुरे झालं आता. रस्त्यात काही झालं असतं म्हणजे? मुंबईत एक जण जुन्या गाड्या गोळा करतो, तो घ्यायला तयार आहे. पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मी ड्रायव्हर घेऊन येतो."

"आणि अर्नाळ्याला मी काय उडत जाऊ?"

"जाऊ नका. वय झालं तुमचं."

मग तो माझ्या बाकडे वळला. माणूस वाईट नव्हता, आवाज चढवला नाही त्याने. "काका, तुम्ही होडीची इंजिनं उत्तम करता, सगळे सांगतात. पण ही होडी नाही."

बा ताठ बोटांचा हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. मला मात्र राहवलं नाही. "रविवारपर्यंत गळती थांबली तर?" मी विचारलं.

मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "थांबली तर ठेवा," तो म्हणाला. "पण खरी थांबली पाहिजे. अर्नाळ्याला जाऊन येऊन एक थेंब पडता कामा नये."

असा आठवडा आम्हाला मिळाला.

सोमवारी सकाळी मी पुस्तक मांडीवर घेऊन बसले आणि निकाल दिला. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथून फिरता दांडा बाहेर येतो, तिथे एक कडं असतं, तेल आत राखणारं. ऑइल सील. पान सांगत होतं की जास्त थेंब तिथेच. मी म्हटलं, "बा, सील गेलंय. वीस वर्षांची गाडी, जाणारच."

बा उताणा गाडीखाली होता. नारळाच्या ओंडक्यांवर, होडी किनाऱ्यावर टेकवतात तशी, त्याने गाडी उचलून टेकवली होती. खालून आवाज आला, "बाय, सील गेलं असतं तर आषाढाच्या आधी पन गळली असती. उभी राहून कोन खराब होतं?"

"रबर उभं राहूनच वाळतं, बा. हे विज्ञान आहे."

"मंग विज्ञान खाली ये, पाना धर."

मी त्याची जुनी पँट घालून खाली सरकले. आम्ही मागचा दांडा सोडवला, सील उपसून काढलं. खरंच कडक झालं होतं. मला केवढा आनंद झाला! ते रुमालात बांधून मी मुंबईला गेले, ऑपेरा हाऊसच्या बाजूला जुन्या सामानाच्या दुकानांत फिरले, आणि चौथ्या दुकानात त्याच मापाचं मिळालं. दुकानदार म्हणाला, "बहनजी, ये गाड़ी चलानेवाला अभी ज़िंदा है?" मी म्हटलं, "चालवणारा आहे, आणि दुरुस्त करणारी पण आहे."

मंगळवारी सकाळी सील बसलं. क्लचही आम्ही मिळेल तेवढा रॉकेलने धुऊन काढला. डॉक्टर अर्नाळ्याला जाऊन आले. संध्याकाळी पान बघितलं. मागचे थेंब कमी झाले होते, पण पुढचे वाढले होते. आणि गिअरच्या दांड्याच्या बुडाशी, आत गालिच्यावर, नवीनच ओल आली होती.

"तुझं विज्ञान पुढच्या दाराने गेलं," बा म्हणाला.

बुधवारी त्याची पाळी. होडीत पंख्याचा दांडा बुडातून बाहेर जातो, तिथे चरबी चोपडलेली सुती दोरी वेटोळी करून ठासतात. बाने तशी दोरी आणली. दांड्याच्या बुडाशी ठासली, झाकणाच्या सांध्यावर लावली, जिथे जिथे ओल दिसली तिथे तिथे भरली. ताठ बोटांनी तो हे इतकं हळू आणि नीट करायचा की मला बघवत नसे आणि नजरही काढवत नसे. मी म्हटलं, "बा, होडीत दोरीतून थोडं पाणी गळतंच. तुम्हीच सांगता, गळलं नाही तर दांडा जळतो."

"तिथे पानी आत येतं, हितं तेल बाहेर जातं. दोरीला काय कळतंय कुठली बाजू?"

गुरुवारी आम्ही गाडी सोपाऱ्यापर्यंत फिरवून आणली. बा चालवत होता, मी शेजारी. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. कोळ्याचा मिस्त्री आणि त्याची पोरगी बिनछपराच्या इंग्रजी गाडीत, दोघांच्या तोंडाला तेल. एका सायकलवाल्याने विचारलं, "वरात कुनाची?" बा म्हणाला, "तुझ्या सासूची," आणि तेवढ्यापुरतं आम्हाला बरं वाटलं. परत येऊन गाडी पानावर उभी केली. दोरीच्या वरून, दोरीच्या बाजूने, जिथे कधीच गळत नव्हती त्या खालच्या बुचापासूनसुद्धा, थेंब. एक तोंड बंद केलं की दुसरीकडून.

बाने ते पान उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "घेऊन जाऊ दे त्याला. माझ्याच्याने होत नाय."

असं वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. हात पट्ट्यात गेला तेव्हासुद्धा नाही. घरी आला, जेवला नाही. आयने पापलेट तळलं होतं, ते तसंच राहिलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या गाडीने काय मंतर मारलाय याच्यावर?" मी सांगितलं, रविवारी गाडी जाणार. आय मग म्हणाली, "डाक्टरची एक वस्तू सांभाळायची होती याला. एकच." आणि ताट उचलून आत गेली. तिची जीभ तिखट होती, पण नेमकं काय चाललंय ते आमच्यात सगळ्यात आधी तिलाच कळायचं.

शुक्रवारी डॉक्टर अर्नाळ्याला गेलेच. आम्ही नको म्हटलं. ते म्हणाले, "शेवटचा शुक्रवार असेल तर सांगून यायला नको?" दुपारी बारा-साडेबाराला परत आले, हळूहळू, गाडी कुंथत. वाडीत शिरली तेव्हा बेडकीच्या पोटाखालून धूर येत होता. तेल गरम नळीवर पडत होतं.

बा म्हणाला, "तेल किती उरलंय बघतो." गाडी गार होईपर्यंत थांबायची रीत, पण त्या दिवशी तो थांबला नाही. गालिचा उचलला, गिअरबॉक्सच्या बाजूला तेल भरायचं बूच असतं त्याला पाना लावला आणि फिरवला.

फुस्स! सोड्याची बाटली फोडल्यासारखा आवाज झाला, बूच त्याच्या हातातून उडालं आणि तेलाची एक चिळकांडी त्याच्या मिशीवर. वाडीतला गडी हसला. डॉक्टरही हसले. बाने मिशी पुसली आणि बूच शोधायला वाकला.

मी हसले नाही. मला एकदम अकरावीचा वर्ग आठवला. बंद भांड्यातला वायू तापवला की दाब वाढतो. हा नियम मी पाठ केला होता, त्याची गणितं सोडवली होती, पेपरात त्याचे पूर्ण गुण घेतले होते. आणि आठवडाभर त्याच्याखाली उताणी पडून होते. गाडी रात्रभर उभी असली की पान कोरडं असायचं. फिरून, तापून आली की गळायची. एक तोंड बंद केलं की दुसरीकडून गळायची. सील बिचाऱ्याचा दोष नव्हता, आतली तापलेली हवाच तेलाला ढकलत होती, मिळेल त्या फटीतून.

"बा," मी म्हटलं, "आतली हवा बाहेर कुठून जाते? हिला नाक कुठे आहे?"

बा वाकलेला होता तसाच राहिला. मग हळूच सरळ झाला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की उत्तर त्याला माहीत आहे.

"होतं," तो म्हणाला.

आता ज्येष्ठातली गोष्ट सांगायला हवी. पावसाळ्यात आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. त्याआधी सांध्यासांध्यांत कापूस ठासतात आणि राळ नि तेल उकळून ते रोगण बुडाला चोपडतात. खारं पाणी आणि खारी हवा, दोन्हीला अडवायला. बेडकीवर दर वर्षी नुसती ताडपत्री टाकायचो. त्या वर्षी पत्रा गंजायला लागला होता, म्हणून बाने ठरवलं की हिला होडीसारखीच शाकारायची. दोन्ही आसनं काढली, मधलं पुठ्ठ्याचं झाकण काढलं, आणि खालून-वरून, गिअरबॉक्ससकट, सगळ्याला रोगण. प्रेमाने केलेलं काम होतं. चार दिवस लागले. एक फट सोडली नाही.

गिअरबॉक्सच्या माथ्यावर एक छोटी टोपी होती, वाटाण्याएवढी, तिच्या बाजूला भोक. होडीच्या इंजिनाची वाफ सोडायला चांगलं मोठं नळकांडं असतं, ते बाला ठाऊक होतं. हे एवढंसं बघून त्याला वाटलं, एखाद्या निसटलेल्या स्क्रूची जागा असेल. होडीवाल्याला भोक दिसलं की हात कापसाकडे जातो. बुडात भोक म्हणजे जीव गेला. तरी त्याने लगेच बुजवलं नव्हतं. हे आता मला आठवलं आणि गाडीशेजारी उभ्या उभ्या माझे कान तापले.

त्याने मला विचारलं होतं. "बाय, ही टोपी कसली? भोक हाय तिला. पुस्तकात बघ."

मी बघितलं होतं. चित्रात त्या टोपीला बाण होता आणि बाणापाशी शब्द होता, ब्रीदर. श्वास घेणारा. इंग्रजी शब्द मला कळला, पण लोखंडाची पेटी श्वास कसला घेते ते कळलं नाही. पुढे माहिती होती, अर्धं पान, बारीक अक्षरात. वाचली असती तर दोन मिनिटं लागली असती. पण माझा निकाल नुकताच लागला होता, वडील मला फडाफडा वाचणारी म्हणत होते, आणि समोर गडी उभा होता. 'मला माहीत नाही' हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. मी म्हटलं, "काही नाही बा. झाकण आहे नुसतं." आणि पान उलटलं.

मग त्याने कापसाची वात वळली, आत सारली आणि वरून राळ लावली.

त्या शुक्रवारी आम्ही आसनं काढली, पुठ्ठा काढला. राळ दगडासारखी झाली होती. बाने मासे साफ करायची बारीक सुरी आणली आणि टोपीवरून पापुद्रे काढायला लागला. शेवटी सुरीच्या टोकाने वात बाहेर आली, तेलाने काळी, बोटाच्या पेराएवढी. त्याने ती तळहातावर घेतली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. पुस्तक माझ्या काखेत होतं. मी ते उघडलं नाही, गरज नव्हती.

"बा, मी तेव्हा..." मी सुरुवात केली.

"दोरी काढ आता सगळी," तो म्हणाला. "नि झाकणाची जागा नीट पूस."

शनिवारी टोपी रॉकेलने धुतली, तिच्यातून फुंकून बघितलं. त्याने फुंकलं, मी पलीकडे बोट धरलं. हवा लागली. तेल मापात भरलं. डॉक्टर म्हणाले, अर्नाळ्याला मी येतो. बा चालवायला बसला, डॉक्टर शेजारी, आणि मला जागा नव्हती म्हणून मी वाडीत थांबले. दीड तास मी केळीचं एक कोवळं पान धुवून पुसून घेऊन बसले होते. परीक्षेच्या निकालाला मी इतकी घाबरले नव्हते.

गाडी आली. गरम होती, पण धूर नव्हता. पानावर उभी केली. आम्ही तिघं वाडीतल्या ओट्यावर बसलो. डॉक्टरांनी चहा मागवला.  चहा झाला, आणखी थोडा वेळ गेला, मग बा उठला, गुडघे टेकून खाली वाकला आणि पान बाहेर ओढलं. हिरवंगार. एक मुंगी होती त्याच्यावर, तेवढीच.

 डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

रविवारी मिस्सा झाली आणि मुलगा ड्रायव्हरला घेऊन आला. डॉक्टरांनी त्याला पान दाखवलं. ते त्यांनी रात्रभर तसंच ठेवलं होतं, कडा थोड्या सुकल्या होत्या. मुलगा खाली वाकून गाडी बघून आला. कोट काढला, उताणा झोपला आणि हाताने चाचपून बघितलं. उठला तेव्हा हात कोरडा होता.

"काय होतं?" त्याने विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "सांग मुली, तूच शोधलंस ना?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी बा बोलला.

"साहेब, चूक माझीच होती. हवा जायचं भोक होतं, ते मी ज्येष्ठात कापूस घालून बुजवलं. होडी समजून. पोरीने शोधलं, म्हनून गाडी वाचली. तिने शोधलं नसतं तर मी दोरीच ठासत बसलो असतो." मग मुलाकडे बघून, मान खाली न घालता, "तुम्ही बोललात ते खरं होतं. ही होडी नाय."

सगळं खरं होतं. एकच गोष्ट त्याने गाळली. त्याने मला विचारलं होतं, आणि मी सांगितलं होतं, ती.

बोलायची वेळ होती. मी तोंडाची फटकळ म्हणून ओळखली जाते. मुंबईच्या दुकानदाराला मी उत्तर दिलं होतं, डॉक्टरांच्या मुलाला मध्येच विचारलं होतं. त्या क्षणी मात्र मी गप्प राहिले. डॉक्टर माझ्याकडे कौतुकाने बघत होते, आणि ते कौतुक मला हवं होतं.

मुलगा कोट परत अंगात घालत म्हणाला, "काका, आमच्या कंपनीत चूक झाली तर कुणाची ते शोधायला महिना जातो." ड्रायव्हरला त्याने स्वतःच्याच मोटारीने स्टेशनवर नेऊन सोडलं. बेडकी राहिली.

डॉक्टर उठायला लागले, आम्ही दोघांनी हात दिला. "तांडेल," ते म्हणाले, "चाळीस वर्षांच्या डॉक्टरकीत मी काय काय बुजवलंय आणि काय काय उघडं ठेवलंय, ते परमेश्वराला ठाऊक. पुढच्या ज्येष्ठात परत शाकारा हिला. नाक सोडून."

परत येताना आम्ही चालत होतो. पापडी मागे पडली तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही मला विचारलं होतं, बा. टोपी कसली म्हणून. मी चुकीचं सांगितलं."

"ठाऊक हाय."

"मग बोलला का नाहीत?"

तो चालतच राहिला.  

"राळ मी लावली," तो म्हणाला. "नि वाचनारी माझी एकच हाय."

आय घरी वाट बघत होती. तिने बाच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं, काही न विचारता चुलीवर तवा टाकला आणि म्हणाली, "आज पापलेट नाय. बोंबील हायेत. खायचे तर खा, नायतर गाडीला घाला."

बाने खाल्ले. दोनदा वाढून घेतले.

पुढे मला शाळेत नोकरी लागली आणि बेडकी डॉक्टर असेपर्यंत अर्नाळ्याला जात राहिली. दर ज्येष्ठात बा तिला शाकारायचा. रोगण लावायच्या आधी टोपीला लाल चिंधी बांधायचा, आणि काम झालं की सगळ्यात आधी ती सोडायचा. तेवढ्यासाठी मी शाळेतून सुट्टी काढायचे. तो आसनं काढायचा, पुठ्ठा काढायचा आणि टोपीकडे बोट दाखवून, जणू पहिल्यांदाच, विचारायचा, "बाय, ही टोपी कसली? पुस्तकात बघ."

मी पुस्तक उघडायचे आणि ते अर्धं पान, बारीक अक्षरातलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, हळू वाचून दाखवायचे.